पेरावे तसे उगवते का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे कर्मफळाविषयी बरीच पत्रे आली. काही पत्रांत कुतूहल आहे, काहींत वाद घालण्याची उमेद आहे आणि एका पत्रात असे दुःख आहे की ते वाचून बराच वेळ मला दुसरे काही वाचवले नाही. त्यांतली निवडक पत्रे संक्षेपाने येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. न्यूटनचा गतीविषयीचा तिसरा नियम शिकवताना ‘आपला कर्मसिद्धांत तो हाच’ असे मी दरवर्षी मुलांना सांगत आलो. यंदा सातवीतून नुकत्याच वर आलेल्या एका मुलीने विचारले, ‘सर, मग चोराला प्रतिक्रिया लगेच का मिळत नाही?’ मला उत्तर देता आले नाही. कर्मसिद्धांताला विज्ञानाचा आधार आहे की नाही?
(एक शिक्षक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, आणि आपल्याला उत्तर देता आले नाही हे तुम्ही मोकळेपणाने लिहिले, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेला तिसरा नियम बलांविषयी आहे. होडीतून काठावर उडी मारणारा माणूस होडीला मागे ढकलतो आणि त्याच क्षणी होडी त्याला पुढे ढकलते. ही दोन बले समान असतात, विरुद्ध दिशांची असतात, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात आणि एकाच वेळी लागतात. त्यांत उशीर नाही, साठवण नाही, आणि उडी मारणारा साधू आहे की चोर याची विचारपूसही नाही. कर्मफळाच्या कल्पनेत मात्र या तिन्ही गोष्टी आहेत: फळ उशिरा मिळते, तोवर ते कोठेतरी साठून राहते आणि कृती चांगली की वाईट यावर ते ठरते. ‘क्रिया’ हा शब्द दोन्हीकडे येतो, एवढेच काय ते साम्य.

शिवाय आपण ‘कर्मसिद्धांत’ म्हणतो तेव्हा तो एकच आहे असे गृहीत धरतो, तेही बरोबर नाही. वेदान्तात संचित (साठलेले), प्रारब्ध (या जन्मी भोगायचे) आणि क्रियमाण (आता घडत असलेले) असे भेद आहेत. जैन दर्शनात कर्म हे जीवाला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य मानले आहे. बुद्धाने कृतीमागील हेतूला, चेतनेला, कर्म म्हटले. पाली त्रिपिटकात तर असा एक संवाद आहे की, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच का, असे विचारले असता बुद्ध नाही म्हणतात आणि पित्त, कफ, वात, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, दुसऱ्याने केलेला मार अशी कारणे मोजून कर्माला त्या यादीत शेवटी ठेवतात. इतक्या जुन्या काळी कारणांची अशी वेगवेगळी मांडणी कोणी केली होती, हे वर्गात आवर्जून सांगण्यासारखे आहे.

विज्ञानाच्या बाजूने पाहताना मी कर्मफळाचे दोन दावे वेगळे करतो. पहिला दावा पुढे पाहणारा आहे: माझ्या वागण्याचे परिणाम माझ्या सवयींतून, माणसांच्या आठवणींतून आणि समाजाच्या व्यवहारातून पुढे जातात आणि पुष्कळदा माझ्यापर्यंत परत येतात. हा दावा तपासता येतो, तो तपासलेला आहे आणि त्यात बरेच तथ्य आहे. दुसरा दावा मागे पाहणारा आहे: आज एखाद्याच्या वाट्याला जे आले ते त्याच्याच पूर्वीच्या, कदाचित पूर्वजन्मीच्या, कृत्याचे फळ आहे. हा तपासता येत नाही, कारण सज्जन माणसाचे वाईट झाले तर ते मागचे पाप आणि दुर्जनाचे भले झाले तर ते मागचे पुण्य, असे म्हणून कोणतीही घटना त्यात बसवता येते. शेतकरी ‘पेरावे तसे उगवते’ म्हणतो, पण शेजाऱ्याचे पीक करपलेले पाहून तो बांधावर उभा राहून ‘तू बीच खोटे पेरले होतेस’ असे म्हणत नाही. पाऊस, कीड आणि जमीन त्याला ठाऊक असते. तुमच्या विद्यार्थिनीला हा फरक समजेल असे तिच्या प्रश्नावरून वाटते.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. आमच्या दोघांच्याही घरांत हा आजार कोणाला नव्हता. मागच्या महिन्यात एका बारशाला गेले असता जवळच्याच एक नातेवाईक बाई चारचौघींत म्हणाल्या, ‘मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगल्याशिवाय सुटका नाही.’ मी शिकलेली आहे, कारण मला माहीत आहे, तरी रात्री झोप लागत नाही. हे भोग माझे, की त्याचे?
(एक आई, सातारा)

उत्तर : ताई, तुमचेही नाहीत आणि बाळाचेही नाहीत. कारण तुम्हाला माहीत आहे असे तुम्ही लिहिता, तरी ते पुन्हा सांगतो, कारण रात्री अडीच वाजता माहीत असलेली गोष्टही कोणीतरी पुन्हा सांगावी लागते.

हिमोग्लोबिनचा एक भाग, बीटा साखळी, कशी बनवायची याची सूचना अकराव्या गुणसूत्राच्या जोडीवर असते. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. तुमच्या दोघांचीही एकेक प्रत सदोष असणार आणि दुसरी चांगली. चांगल्या प्रतीवर शरीराचे काम भागते, म्हणून वाहक माणसाला आयुष्यभर काही जाणवत नाही, आणि ‘आमच्या घरात कोणाला नव्हते’ हे अगदी खरे असूनही दोष पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहतो. मूल होताना प्रत्येकाकडून दोनपैकी कोणती प्रत जाईल हे नाणे उडवल्यासारखे असते. दोन्ही नाणी सदोष बाजूने पडली तरच हा आजार होतो, आणि तसे होण्याची शक्यता चारात एक. त्या नाण्यांना तुमचे चारित्र्य ठाऊक नसते, तुमच्या सासूबाईंचे उपासतापास ठाऊक नसतात आणि पुढच्या वेळी उडवताना मागच्या वेळी काय पडले हेही ठाऊक नसते. पुढच्या प्रत्येक गर्भधारणेत शक्यता पुन्हा चारात एकच राहते. म्हणून दुसऱ्या अपत्याचा विचार करण्याआधी गर्भजल वा वारेच्या तपासणीविषयी डॉक्टरांशी बोला, आणि तुमच्या व यजमानांच्या भावंडांना वाहक आहोत की नाही हे सांगणाऱ्या एचबीए-टू या साध्या रक्तचाचणीसाठी आताच पाठवा.

हा दोष माणसांत टिकून का राहिला, याचेही उत्तर आहे. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये असा तर्क मांडला की थॅलेसेमियाचे वाहक मलेरियाला अधिक तोंड देऊ शकत असावेत, आणि म्हणूनच जेथे मलेरियाचा कहर होता तेथे हा दोष जास्त आढळतो. पुढच्या संशोधनाने त्या तर्काला भक्कम आधार दिला. ज्याला त्या बाई भोग म्हणाल्या, त्याच्या एका प्रतीने तुमच्या कोणा खापरपणजीला एखाद्या पावसाळ्यात हिवतापातून वाचवले असेल.

आता त्या बाई असे का बोलल्या, याविषयी. त्यांचे बोलणे मला मुळीच मान्य नाही, तरी त्या दुष्ट असतील असेही मला वाटत नाही. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा होता. विद्यार्थिनींच्या गटाला पडद्यावर एक तरुणी दाखवली. उत्तर चुकले की तिला विजेचा झटका बसत होता. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते खरे वाटत होते. हिचे हाल असेच चालू राहणार आणि आपण काही करू शकत नाही, असे ज्यांना वाटले, त्यांनी नंतर त्या तरुणीच्या स्वभावाविषयी वाईट मत नोंदवले. तिने कोणाचे काही बिघडवले नव्हते. मात्र ज्यांना तिचे झटके थांबवण्याची संधी दिली, त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांनी ती घेतली, आणि त्यांना ती मुलगी वाईट वाटली नाही. जग न्यायाने चालते हा विश्वास माणसाला हवा असतो, नाही तर उद्या आपलाही नंबर लागेल या भीतीने त्याला जगणे कठीण होते. मदत करता आली तर तो विश्वास मदतीने सावरला जातो. मदत करता आली नाही तर दुःख भोगणाऱ्यालाच दोषी ठरवून सावरला जातो.

हे वाचले तेव्हा मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास तो भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून गावे नुकती झोपली होती. सुमारे ८ हजार माणसे गेली. मी तेव्हा महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होतो आणि विद्यार्थ्यांच्या मदतपथकाबरोबर तेथे गेलो. एका घरासमोर मी बराच वेळ उभा होतो. घराच्या आतले लाकडी खण, खांब आणि तुळया, जागच्या जागी उभे होते. ढासळल्या होत्या त्या दगडी भिंती. भिंत दोन हात रुंद होती, पण आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत कोठेच अडकवलेला नव्हता, मध्ये नुसती माती आणि गोटे भरलेले होते, आणि वर माळवदाची हातभर माती. जमीन हादरली तेव्हा भिंत उभी चिरली, दगड आतबाहेर सुटले आणि माती अंगावर आली. त्या घरातले म्हातारबाबा मला म्हणाले, ‘साहेब, गणपती बोळवून आलो अन् निजलो. आमचं काय चुकलं?’ मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. आज सुचते: भिंत आरपार बांधून घेणारे लांब दगड कोणी घालायला सांगितले नाहीत, एवढेच चुकले, आणि ते तुमचे चुकले नाही.

त्याच दिवसांत ‘या भागात पाप फार झाले होते’ असे शब्दही मी ऐकले. माझे निरीक्षण असे, आणि ते निरीक्षणच आहे, त्याला संशोधन म्हणता येणार नाही, की ट्रॅक्टरवरून पत्रे उतरवणारी, खिचडीच्या चुलीला फुंकर घालणारी माणसे तसे बोलत नव्हती. मोटारीतून येऊन पडझड पाहून परत जाणाऱ्यांपैकी काही जण तसे बोलत होते.

ही सवय थोरामोठ्यांनाही सुटलेली नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असे म्हटले, तेव्हा अस्पृश्यतेला तितकाच विरोध असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली: नैसर्गिक घटनेचे कारण नैसर्गिकच असते आणि असा दंड दोषी-निर्दोष न पाहता गरिबांवरच का पडावा? गांधीजींनी ती हरकत आपल्या ‘हरिजन’मध्ये स्वतःच छापली आणि आपले उत्तरही दिले. हेतू कितीही उदात्त असला तरी मागे पाहणारा दावा चुकीच्या माणसाला लागतो, हे टागोरांनी अचूक हेरले होते. कुष्ठरोगाचे उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी त्या रोगाचा जंतू दाखवून दिला, तरी पुढे कित्येक दशके आपण त्या रुग्णांना महारोगी म्हणून, पूर्वजन्मीचे पापी म्हणून गावाबाहेर बसवले. अमरावतीला तपोवन आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले ते हे पाप-पुण्याचे गणित नाकारणाऱ्या माणसांच्या हातून.

म्हणून, ताई, एक सुचवतो. त्या नातेवाईक बाईंशी वाद घालू नका. पुढच्या वेळी रक्तपेढीत जाताना त्यांना बरोबर न्या. बाळाला लावायची पिशवी त्यांच्या हातात द्या. तिच्यावर रक्तगट असतो, रक्त घेतल्याची तारीख असते, मुदत संपण्याची तारीख असते आणि एक क्रमांक असतो. दात्याचे नाव नसते. भारतात पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, म्हणजे ती पिशवी कोणी विकलेली नाही. तुमच्या मुलाला आजवर पन्नासच्या आसपास वेळा रक्त चढले असेल; तितक्या माणसांनी, त्याची जात, गाव, गेला जन्म काहीही न विचारता, आपला एखादा तास आणि आपले रक्त त्याला दिले आहे. त्या बाईंच्या घरात अठरा वर्षांवरचे कोणी असेल तर त्यांनाही पलंगावर आडवे व्हायला सांगा. मदत करायला जागा मिळाली की दोष देण्याची गरज कमी होते, असे लर्नर यांचा प्रयोग सांगतो, आणि माझाही तसाच अनुभव आहे.

प्रश्न : ‘बळी तो कान पिळी’ हाच उत्क्रांतीचा नियम असेल, तर कोणी अनोळखी माणसाला रक्त का द्यावे? चांगुलपणा हा निसर्गाविरुद्ध आहे का?
(एक पदव्युत्तर विद्यार्थी, पुणे)

उत्तर : उत्क्रांतीचा नियम तसा नाही. टिकते ते जनुक, आणि जनुक फक्त एकाच शरीरात नसते. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवले की नात्यातल्यांना मदत करणारी वृत्ती, मदतीचा फायदा नात्याच्या जवळिकीच्या प्रमाणात खर्चापेक्षा अधिक भरत असेल, तर पसरू शकते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये नात्याबाहेरच्या परतफेडीचा विचार मांडला. तो आपल्या खेड्यांतल्या सावडीचा विचार आहे: आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. १९८४ मध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकातल्या रक्त पिणाऱ्या वटवाघळांत हीच सावड पाहिली. या वटवाघळाला दोन-तीन रात्री खाद्य मिळाले नाही तर ते मरते. अशा उपाशी सोबत्याला पोट भरलेले वटवाघूळ आपल्या पोटातले रक्त बाहेर काढून भरवते, आणि ते नातेवाइकांना तसेच नेहमीच्या शेजाऱ्यांनाही भरवते.

माणसाने यापुढे एक पाऊल टाकले, कारण त्याला भाषा आहे. मी तुम्हाला मदत केली, तुम्ही मला कधीच परत केली नाही, तरी पाहणाऱ्या तिसऱ्याने ती गोष्ट गावभर सांगितली आणि माझ्या अडचणीच्या वेळी चौथा धावून आला. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड यांनी १९९८ मध्ये या अप्रत्यक्ष परतफेडीचे गणित मांडले. आपण त्याला ‘नाव राखणे’ म्हणतो. कर्मफळाच्या कल्पनेत जे खरे आहे ते मला येथे दिसते: फळ देणारी यंत्रणा आकाशात नाही, ती पारावर आणि पाणवठ्यावर बसलेली असते. तिला विसर पडतो, तिला फसवता येते, ती गरिबाचे पुण्य पुष्कळदा नोंदवतही नाही. म्हणून सज्जनाला फळ मिळतेच असे नाही.

तुमच्या प्रश्नातला रक्तदाता मात्र या सगळ्या हिशेबांबाहेर आहे. तो ना नातेवाईक, ना शेजारी, आणि पिशवीवर त्याचे नावही नाही. एखादी वृत्ती कशामुळे निर्माण झाली हे एक आणि ती आज कोणत्या हेतूने काम करते हे दुसरे, यांत गल्लत होऊ देऊ नका. भूक ही शरीराच्या गरजेसाठी निर्माण झाली, पण पुरणपोळी खाताना कोणी उष्मांकांचा विचार करत नाही. करुणा छोट्या टोळ्यांत रुजली. एकदा रुजल्यावर ती समोरचा माणूस टोळीतला आहे की नाही हे दर वेळी तपासत बसत नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये अठरा महिन्यांच्या मुलांसमोर एका अनोळखी माणसाच्या हातून कपडे वाळत घालण्याचा चिमटा ‘चुकून’ पाडला. बहुतेक मुलांनी, कोणी न सांगता आणि काही न मिळता, किमान एका प्रसंगी मदत केली. ज्या वयात पाप-पुण्य हे शब्दही डोक्यावरून जातात, त्या वयातली ही गोष्ट आहे.

प्रश्न : आपल्या सदरातून कर्मफळावर टीका होते. परंतु त्या भीतीनेच सामान्य माणूस मर्यादेत राहतो. ती गेली तर लोक मोकाट सुटतील, याची जबाबदारी कोण घेणार?
(एक निवृत्त अधिकारी, नागपूर)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि तिला प्रयोगांचा काही आधारही आहे. सिंडेल व्हाइट आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की कर्मावर विश्वास असलेल्या माणसांना कर्माची आठवण करून दिली, तर ती अनोळखी व्यक्तीला वाटून द्यायच्या पैशांत अधिक वाटा देतात. २०१२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले की नोकरीसारख्या, आपल्या हातात नसलेल्या निकालाची वाट पाहणारी माणसे जास्त मदत करतात, जणू विश्वाकडे अनामत ठेवत आहेत. नवस बोलणाऱ्या समाजाला हे नव्याने सांगायला नको.

पण याची दुसरी बाजूही पाहावी. याच व्हाइट यांच्या अलीकडच्या अभ्यासात लोकांना कर्मफळाचे अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा स्वतःविषयी लिहिणाऱ्यांनी बहुधा चांगल्या फळांविषयी लिहिले आणि दुसऱ्यांविषयी लिहिणाऱ्यांनी प्रामुख्याने शिक्षांविषयी. भारतीयांत हा स्वतःला झुकते माप देण्याचा प्रकार अमेरिकनांपेक्षा कमी होता, ही समाधानाची गोष्ट आहे, पण साताऱ्याच्या ताईंना मिळालेला शेरा याच मापातून आला आहे.

भीती आणि बक्षीस यांवर उभा केलेला चांगुलपणा किती टिकतो, हाही प्रश्न आहे. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल दर वेळी बक्षीस दिले. पुढे बक्षीस थांबल्यावर ती मुले, कधीच बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा, कमी मदत करू लागली. आणि केवळ उपदेशाने काय साधते ते डार्ली आणि बॅटसन यांच्या १९७३ च्या प्रयोगात दिसते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायचे होते. काहींचा विषय बायबलमधली, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असे सांगितले होते त्यांच्यापैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने विशेष फरक पडला नाही. माणसे मर्यादेत राहावीत असे वाटत असेल तर परलोकाच्या भीतीइतकाच इहलोकातल्या घाईचाही विचार करायला हवा, असे मी आपल्याला आदरपूर्वक सांगेन. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या, सगळ्यांची घाई एकाएकी निरर्थक झाली, आणि त्या रात्री अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरांत घेतले, चहा-बिस्किटे दिली. ती माणसे आदल्या दिवशीही तीच होती.

फळाविषयी म्हणाल तर ते पुष्कळदा देण्याच्या क्षणीच मिळते. कॅनडात २००८ मध्ये एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलरचे पाकीट दिले; निम्म्यांनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करायचे, निम्म्यांनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यांवर खर्च करणारे अधिक आनंदी होते, आणि पाच की वीस याने काही बिघडले नाही. तो गट लहान होता, पण नंतर मोठ्या गटांवरही हाच कल दिसला. घेणाऱ्याला किती बरे वाटते याचा मात्र देणाऱ्याला नीट अंदाज येत नाही: अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोच्या एका बर्फाच्या मैदानावर लोकांना अनोळखी व्यक्तीला गरम चॉकलेटचा पेला द्यायला सांगितला, तेव्हा देणाऱ्यांनी समोरच्याच्या आनंदाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी केला. ‘एवढ्याशा गोष्टीने काय होणार’ म्हणून आपण किती वेळा हात मागे घेतो, याचा हिशेब मी स्वतःपुरता करतो आणि तो मला सुखाचा वाटत नाही.

प्रश्न : एका ओळखीच्या माणसाला अडचणीत पैसे दिले. तो आता फोनही उचलत नाही. चांगुलपणाचे फळ हेच का?
(एक दुकानदार, मडगाव)

उत्तर : हे तुमच्या चांगुलपणाचे फळ नव्हे, त्याच्या वागण्याचे आहे. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर भरवलेल्या सहकार्याच्या स्पर्धेत जी पद्धत जिंकली, तिची रीत साधी होती: पहिल्यांदा विश्वास ठेवायचा, मग समोरचा जसा वागेल तसे वागायचे, आणि तो सुधारला की मागचे धरून बसायचे नाही. त्याला पुन्हा पैसे देऊ नका. पण पुढच्या गरजू माणसाकडे त्याचा चेहरा लावून पाहू नका.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. आयुष्यात कधी रक्तदान केले नाही, याची आता खंत वाटते. गावातल्या शिबिरात मला रक्त देता येईल का? पत्नी ५२ वर्षांची आहे, तिलाही इच्छा आहे.
(एक शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर : आपल्या देशातल्या नियमांप्रमाणे दाता १८ ते ६५ वर्षांचा चालतो, परंतु पहिल्यांदाच रक्त देणाऱ्याचे वय ६० च्या वर असू नये, त्यामुळे तुम्हाला नाही म्हणतील. वहिनींना देता येईल. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवे, ते तेथेच तपासतात. उपाशीपोटी मात्र जाऊ नये. त्यानंतर स्त्रियांना १२० दिवसांनी आणि पुरुषांना ९० दिवसांनी पुन्हा देता येते. तुम्ही तरीही शिबिराला जा. रक्त देऊन झाले की तरुण मुले घाईने उठतात आणि दारापाशी त्यांना चक्कर येते. त्यांना दहा-पंधरा मिनिटे खुर्चीत बसवून ठेवणारे, हातात चहा देऊन गप्पांत गुंतवणारे वडीलधारे माणूस शिबिरात नेहमीच कमी पडते.